हवेत जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंचा अंदाज कसा बांधतात? कोलारच्या खाणीपासून दक्षिण ध्रुवापर्यंतचा हिशोब

केजीएफ म्हटलं की आता बहुतेकांना सिनेमा आठवतो. जुन्या मंडळींना सोनं आठवतं. पण कोलारच्या या खाणीच्या नावावर आणखी एक नोंद आहे आणि ती जगभरातल्या भौतिकशास्त्राच्या इतिहासात कायमची आहे. १९६५ साली, जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटरवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) शास्त्रज्ञांनी जपानी आणि इंग्रज सहकाऱ्यांबरोबर एका कणाची खूण टिपली. तो कण होता आपल्या डोक्यावरच्या हवेत तयार झालेला न्यूट्रिनो.

आज दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात असे न्यूट्रिनो वर्षाला साधारण एक लाख मोजले जातात. मोजणी सोपी झाली म्हणून प्रश्न सुटला असं मात्र नाही. मोजलेला आकडा हातात आला की लगेच दुसरा आकडा लागतो: मुळात किती यायला हवे होते? हा दुसरा आकडा कागदावर काढावा लागतो. तो चुकला तर दूरच्या आकाशगंगेतून आलेला न्यूट्रिनो आणि आपल्याच हवेत तयार झालेला न्यूट्रिनो यांत गल्लत होते. हा अंदाज कसा बांधतात, तो किती पक्का आहे आणि त्यावर काय काय अवलंबून आहे, याची ही माहिती.

आधी थोडक्यात

• न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला, अत्यंत हलका कण आहे. पदार्थाशी तो क्वचितच संबंध ठेवतो, म्हणून पृथ्वीच्या आरपारही जातो.

• अवकाशातून सतत येणारे वेगवान कण म्हणजे वैश्विक किरण. ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये बलूनमधून वर जाऊन त्यांचा शोध लावला. त्यांत साधारण ९० टक्के प्रोटॉन, ९ टक्क्यांच्या आसपास हेलियमची अणुकेंद्रं आणि उरलेली जड अणुकेंद्रं असतात.

• हे किरण हवेवर आदळतात तेव्हा कणांचा वर्षाव होतो. त्यातूनच निघालेल्या न्यूट्रिनोंना वातावरणीय न्यूट्रिनो म्हणतात.

• ऊर्जा मोजायचं एकक इलेक्ट्रॉनव्होल्ट. १०० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे १ जीईव्ही, १,००० जीईव्ही म्हणजे १ टीईव्ही आणि १,००० टीईव्ही म्हणजे १ पीईव्ही. जिनिव्हाजवळच्या सर्नच्या महाकाय यंत्रात एका प्रोटॉनला जास्तीत जास्त ६.८ टीईव्ही ऊर्जा देता आली आहे. वैश्विक किरणांत पीईव्हीचे आणि त्याहून कितीतरी मोठे कण नैसर्गिकरीत्याच येतात.

हवेत नेमकं काय होतं?

आपल्या डोक्यावर हवा विरळ वाटली तरी तिचं वजन कमी नाही. जमिनीच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलो हवा उभी आहे, म्हणजे दहा मीटर पाण्याइतकी. बाहेरून आलेल्या प्रोटॉनला यातली ८०-९० ग्रॅम हवा पार केली की सरासरी एक टक्कर होते. त्यामुळे पहिली धडक बहुधा जमिनीपासून १५ ते २० किलोमीटर उंचीवरच होऊन जाते.

धडकेत नायट्रोजन किंवा ऑक्सिजनचं अणुकेंद्र फुटतं आणि नवे कण निघतात. त्यांत सर्वांत जास्त असतात पायॉन, त्याहून बरेच कमी केऑन. दोघेही अल्पायुषी. विद्युतभारित पायॉन सरासरी २६ अब्जांश सेकंद जगतो, केऑन १२ अब्जांश सेकंद. फुटताना त्यांच्यापासून बहुतेक वेळा एक म्यूऑन आणि एक म्यूऑन-न्यूट्रिनो निघतो. म्यूऑनही पुढे फुटतो आणि त्यातून आणखी दोन न्यूट्रिनो मिळतात: एक म्यूऑन जातीचा, एक इलेक्ट्रॉन जातीचा.

कमी ऊर्जेला ही साखळी पूर्ण होते. म्हणून तिथे हिशोब सोपा आहे. दोन म्यूऑन-न्यूट्रिनोंमागे एक इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो. हे दोनास एक प्रमाण पुढे १९९८ च्या शोधात फार कामाला आलं. ऊर्जा वाढली की मात्र साखळी मध्येच तुटते.

फुटायचं की आदळायचं?

जास्त ऊर्जेच्या अंदाजाचं सगळं गणित या एका शर्यतीत आहे. पायॉनपुढे दोन वाटा असतात. फुटला तर न्यूट्रिनो मिळतो. फुटण्याआधीच हवेच्या दुसऱ्या अणुकेंद्रावर आदळला तर त्याची ऊर्जा पुढच्या लहान लहान कणांत वाटली जाते आणि मोठा न्यूट्रिनो हातचा जातो.

आता वेगाचा परिणाम बघा. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेप्रमाणे कण जितका वेगवान, तितकं त्याचं आयुष्य आपल्याला लांबलेलं दिसतं. १ जीईव्हीचा पायॉन सरासरी ५५-५६ मीटरमध्ये फुटतो. १०० जीईव्हीचा साडेपाच किलोमीटर जातो. १ टीईव्हीच्या पायॉनला फुटायला ५५-५६ किलोमीटर लागतील, पण एवढी मोकळी हवा त्याला मिळतच नाही. तो आधीच आदळतो. पायॉनसाठी ही सीमा साधारण ११५ जीईव्हीला येते.

केऑनचं तसं नाही. तो जड आहे आणि आयुष्यही कमी, म्हणून १ टीईव्हीला तो साडेसात किलोमीटरच्या आसपास फुटतो. त्याची सीमा ८५० जीईव्हीच्या जवळ आहे. शिवाय वाटणीतही फरक पडतो. पायॉन फुटला तर न्यूट्रिनोच्या वाट्याला सरासरी २१ टक्के ऊर्जा येते, केऑन फुटला तर ४८ टक्के. त्यामुळे संख्येने कमी असूनही टीईव्हीच्या टापूत बहुतेक म्यूऑन-न्यूट्रिनो केऑनच्याच घरचे असतात. म्यूऑन तर या ऊर्जेला फुटायचं नावच घेत नाही. १०० जीईव्हीच्या म्यूऑनला ६०० किलोमीटरहून जास्त अंतर लागेल. तो सरळ जमिनीत घुसतो. म्हणून वरच्या ऊर्जेला इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो फार कमी होतात.

या शर्यतीचे दोन परिणाम मोजणीत थेट दिसतात.

पहिला दिशेचा. किरण तिरपा, क्षितिजालगत आला तर तो विरळ हवेतून जास्त वेळ जातो. पायॉनला फुटायला वाव मिळतो. म्हणून मोठ्या ऊर्जेचे न्यूट्रिनो सरळ वरून कमी आणि आडवे जास्त येतात.

दुसरा ऋतूचा. वरची हवा तापली की पसरते, विरळ होते, टकरा कमी होतात आणि फुटणारे पायॉन वाढतात. दक्षिण ध्रुवावर उन्हाळ्यात म्यूऑनची संख्या वाढते आणि हिवाळ्यात घटते. अंदाज बांधणाऱ्याला म्हणूनच हवामानाची नोंदही हिशोबात धरावी लागते.

हिशोबात काय काय धरावं लागतं?

दुकानदार पुढच्या महिन्याची विक्री धरताना गिऱ्हाईक किती, भाव काय आणि माल किती खराब होईल हे बघतो. इथेही असाच हिशोब आहे. बाबी चार.

१. वरून येतं किती. प्रत्येक ऊर्जेला किती प्रोटॉन, किती हेलियम, किती लोखंड. ऊर्जा दहापट वर गेलं की तिथून पुढच्या किरणांची संख्या सुमारे ५० पटीने घटते. ३ पीईव्हीच्या आसपास ही घसरण आणखी तीव्र होते. आलेख तिथे गुडघ्यासारखा वाकतो, म्हणून त्याला गुडघाच म्हणतात. १०० टीईव्हीचा न्यूट्रिनो देणारे मूळ किरण बहुधा पीईव्हीच्या घरातले, म्हणजे या गुडघ्याच्या जवळचे असतात. नेमकी इथेच थेट मोजमापं विरळ आहेत.

२. धडकेत निघतं काय. किती पायॉन, किती केऑन आणि त्यांना किती ऊर्जा. हे प्रयोगशाळेतल्या टकरींवरून ठरवतात. अडचण अशी की सर्नच्या यंत्रातली मोठी उपकरणं बाजूला उडालेले कण चांगले पकडतात, तर न्यूट्रिनोच्या हिशोबाला सरळ पुढे गेलेले कण हवे असतात. ते बहुतांशी नळीतूनच निघून जातात.

३. हवा कशी आहे. उंचीप्रमाणे घनता आणि तापमान, ऋतू, ठिकाण.

४. वाटेत काय होतं. कमी ऊर्जेच्या किरणांना पृथ्वीचं चुंबकत्व अडवतं. दक्षिण भारत चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्याने इथे ही अडवणूक जगात सर्वाधिक असलेल्या ठिकाणांत मोडते. जास्त ऊर्जेला हा प्रश्न उरत नाही. पण तिथे दुसरा निघतो: सुमारे ४० टीईव्हीच्या पुढे पृथ्वीच्या ऐन मध्यातून येणारे न्यूट्रिनोही वाटेत शोषले जाऊ लागतात.

हिशोब करायच्या पद्धती

एक पद्धत नक्कल करण्याची. संगणकात एकेक वैश्विक किरण सोडायचा, त्याची प्रत्येक धडक फासे टाकल्यासारखी ठरवायची आणि शेवटी खाली काय पोचलं ते मोजायचं. अशा कोट्यवधी नकला करतात. जपानचे मोरिहिरो होंडा आणि सहकारी यांनी याच मार्गाने केलेले हिशोब जगभर वापरले जातात. त्यांच्या २०१५ च्या हिशोबात दक्षिण ध्रुवाबरोबर भारतातल्या नियोजित न्यूट्रिनो वेधशाळेच्या जागेसाठीही आकडे आहेत. अमेरिकेच्या बार्टोल संस्थेतल्या टॉम गेसर, टोडोर स्टानेव्ह यांच्या गटाचं कामही याच दर्जाचं.

दुसरी पद्धत समीकरणांची. एकेका किरणामागे न धावता, प्रत्येक उंचीवर किती पायॉन आले, किती फुटले, किती आदळले याचा जमाखर्च मांडायचा. अनातोली फेडिनिच यांनी तयार केलेला एमसीईक्यू हा संगणकीय कार्यक्रम असाच आहे. नकलेला जिथे दिवस लागतात तिथे हा काही सेकंदांत उत्तर देतो. त्यामुळे एखादी बाब बदलली तर अंदाज किती हलतो हे पटकन तपासता येतं.

अंदाज किती पक्का?

१ ते १० जीईव्हीच्या पट्ट्यात एकूण संख्येचा अंदाज १० टक्क्यांच्या आत बसतो. टीईव्हीच्या टापूत जुन्या हिशोबांत २०-२५ टक्क्यांची ढिलाई होती. त्यापुढे ती वाढत जाते.

चूक कमी करायची एक चांगली युक्ती म्हणजे भावंडांची साक्ष काढणं. प्रत्येक पायॉनपासून न्यूट्रिनोबरोबर म्यूऑनही निघतो आणि म्यूऑन जमिनीवर सहज मोजता येतो. म्यूऑनचा आकडा पक्का असेल तर न्यूट्रिनोचा आकडा मनमानी असू शकत नाही. २०२३ मध्ये याच मार्गाने केलेल्या हिशोबात १ टीईव्हीपर्यंतची अनिश्चितता १० टक्क्यांच्या खाली आणल्याचा दावा आहे.

कोलार: पहिली पडताळणी

हवेतल्या न्यूट्रिनोंचा शोध जमिनीखाली घ्यावा, ही कल्पना १९६० च्या सुमारास सोव्हिएत रशियाचे मोइसेय मार्कोव्ह आणि अमेरिकेचे केनेथ ग्रायझन यांनी मांडली. अडचण होती म्यूऑनची. जमिनीवर म्यूऑनचा इतका मारा असतो की त्या गर्दीत न्यूट्रिनोची खूण सापडणं अशक्य.

टीआयएफआरचे बी. व्ही. श्रीकांतन आणि सहकारी पन्नासच्या दशकापासून कोलारच्या खाणीत वेगवेगळ्या खोलीवर म्यूऑन मोजत होते. जितकं खोल, तितके म्यूऑन कमी. सर्वांत खोल पातळीवर तर दोन महिने उपकरण ठेवून एकही म्यूऑन आला नाही. एरवी प्रयोग वाया गेला असं कुणी म्हटलं असतं. इथे उलट झालं. म्यूऑनच येत नसतील तर न्यूट्रिनो पकडायला याहून चांगली जागा कुठली, हा विचार पुढे आला.

एम. जी. के. मेनन, श्रीकांतन, व्ही. एस. नरसिंहम, पी. व्ही. रमण मूर्ती ही टीआयएफआरची मंडळी, ओसाका सिटी विद्यापीठाचे साबुरो मियाके आणि डरहॅम विद्यापीठाचे अर्नोल्ड वुल्फेंडेल यांच्या गटांनी मिळून उपकरणं बसवली. उपकरणाच्या भिंती उभ्या ठेवल्या, कारण आडवे येणारे कण हवे होते. एवढ्या खोलीवर वरून चुकूनमाकून येणारा म्यूऑन जवळजवळ उभाच येणार. आडवा आला तर तो वरून आलेला नाही, आसपासच्या खडकात न्यूट्रिनोने तयार केलेला आहे. ही ओळखही अंदाजातूनच आलेली होती.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गजवळच्या सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक रायनेस यांच्या गटानेही असेच कण टिपले. त्यांचा पहिला कण फेब्रुवारी १९६५ मधला. पण प्रसिद्धीत कोलारचा गट काही दिवसांनी पुढे राहिला. दोन्ही शोधनिबंध ऑगस्ट १९६५ मध्ये आले. कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. प्रयोग त्याआधीच थांबले होते.

१९९८: अंदाजापेक्षा कमी आले

जपानच्या कामिओका इथे एक किलोमीटर डोंगराखाली ५० हजार टन पाण्याची टाकी आहे. नाव सुपर-कामिओकांडे. तिथे म्यूऑन-न्यूट्रिनो मोजले तर वरून येणारे अंदाजाप्रमाणे भरले, पण पृथ्वीच्या पलीकडून, खालून येणारे जवळपास निम्मेच.

मग प्रश्न आला: अंदाजच चुकला नसेल कशावरून? त्या वेळी एकूण संख्येत २० टक्क्यांची ढिलाई सगळे मान्य करत होते. पण शास्त्रज्ञांनी एकूण संख्येवर भिस्त ठेवलीच नाही. पृथ्वी गोल आहे आणि वैश्विक किरण सगळीकडून सारखेच येतात, म्हणून काही जीईव्हीच्या पुढे वरून आणि खालून सारखेच न्यूट्रिनो यायला हवेत. मूळ किरणांचा आकडा कितीही चुकला तरी ही बरोबरी बिघडत नाही. म्यूऑन आणि इलेक्ट्रॉन जातींचं प्रमाणही पाचेक टक्क्यांत पक्कं होतं. एवढी तूट त्यात बसेना.

अर्थ एकच निघाला. वाटेत म्यूऑन-न्यूट्रिनो जात बदलतात आणि जात बदलायची तर त्यांना वस्तुमान असलंच पाहिजे. या कामासाठी ताकाआकी काजिता यांना २०१५ चं नोबेल मिळालं. कॅनडातल्या प्रयोगातून सूर्याच्या न्यूट्रिनोंबद्दल हीच गोष्ट दाखवणारे आर्थर मॅकडोनाल्ड त्यांचे सहमानकरी.

२०१३: अंदाजापेक्षा जास्त आले

दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूब वेधशाळेत एक घन किलोमीटर बर्फात ८६ दोऱ्यांवर ५,१६० प्रकाशसंवेदक सोडले आहेत, १,४५० ते २,४५० मीटर खोल. डिसेंबर २०१० मध्ये ती पूर्ण झाली. तिथे दर सेकंदाला हजारो म्यूऑन येतात आणि काही मिनिटांनी एखादा हवेतला न्यूट्रिनो. या गर्दीत आकाशगंगेबाहेरचा न्यूट्रिनो ओळखायचा कसा?

मदतीला तीच शर्यत येते. ऊर्जा वाढली की पायॉन, केऑन फुटण्याआधी आदळतात, म्हणून हवेतले न्यूट्रिनो झपाट्याने आटतात. ऊर्जा दहापट केली की तिथून पुढचे सुमारे ५०० पटीने कमी. दूरवरून येणाऱ्यांना हवेतली ही शर्यत नाहीच, म्हणून त्यांची घट सावकाश, २० ते ५० पटीच्या आसपास. खालच्या ऊर्जेला हवेचेच भारी पडतात. १०० टीईव्हीच्या आसपास बाहेरचे वरचढ होऊ लागतात.

आधी दोन न्यूट्रिनो सापडले, दोन्ही १ पीईव्हीच्या थोडे वर. त्यांना बर्ट आणि अर्नी अशी टोपणनावं मिळाली. हवेतून असे किती अपेक्षित होते? सुमारे ०.०८, म्हणजे दहा वेळा तेवढाच काळ मोजलं तरी जेमतेम एक. मग दोन वर्षांच्या नोंदी चाळून २८ घटना निघाल्या. म्यूऑन आणि हवेतले न्यूट्रिनो धरून अपेक्षा होती १०.६, तीही पाचाने वर किंवा साडेतीनाने खाली सरकू शकेल अशी. नोव्हेंबर २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि पृथ्वीबाहेरच्या मोठ्या ऊर्जेच्या न्यूट्रिनोंचा पहिला पुरावा मानला गेला. १०.६ हा आकडा भरवशाचा नसता तर २८ ला काही किंमत नव्हती.

इथे आणखी एक सोय वापरली. वरून येणारा हवेतला मोठा न्यूट्रिनो सहसा एकटा येत नाही. त्याच वर्षावातले म्यूऑन त्याच्या सोबत असतात. बाहेरच्या थरातल्या संवेदकांत सोबती दिसले तर तो न्यूट्रिनो बाजूला काढायचा. पण सोबत नेहमी असेलच असं नाही. किती वेळा नसेल, हाही हिशोबच.

५६.५ टक्के

२२ सप्टेंबर २०१७ रोजी आइसक्यूबला २९० टीईव्हीच्या आसपासचा एक न्यूट्रिनो दिसला. जगभरच्या दुर्बिणींना लगेच सूचना गेली. त्याच दिशेला टीएक्सएस ०५०६+०५६ नावाची, पोटात महाकाय कृष्णविवर असलेली दूरची दीर्घिका त्या वेळी भडकलेली होती. बातमी जगभर गाजली. कमी लिहिला गेलेला आकडा वेगळाच आहे. त्या एकट्या न्यूट्रिनोच्या ऊर्जेवरून आणि दिशेवरून तो हवेतला नसून बाहेरचा असण्याची शक्यता ५६.५ टक्के होती. म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त. दीर्घिका त्याच दिशेला भडकलेली असणं आणि जुन्या नोंदींत त्याच जागेहून आलेले जादा न्यूट्रिनो सापडणं, या दोन गोष्टींमुळे दाव्याला वजन आलं. एखादी सूचना आली की दुर्बीण वळवायची की नाही, हे अशा टक्केवारीवर ठरतं आणि टक्केवारी हवेच्या अंदाजावर.

उलट टोकाचं उदाहरण भूमध्य समुद्रातलं. सिसिलीजवळ समुद्रतळाशी उभारल्या जात असलेल्या केएमथ्रीनेट वेधशाळेने १३ फेब्रुवारी २०२३ ला टिपलेल्या न्यूट्रिनोची ऊर्जा सुमारे २२० पीईव्ही निघाली. एवढ्या वर हवेतले न्यूट्रिनो जवळजवळ शून्य, त्यामुळे तो बाहेरचा आहे यावर फारसा वाद नाही.

अजून न सापडलेली बाब

हिशोबात एक रकाना अजून रिकामाच आहे. धडकेत क्वचित चार्म क्वार्क असलेले कण निघतात, उदाहरणार्थ डी-मेसॉन. ते सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आसपास जगतात. १ पीईव्हीचा विद्युतभारित डी-मेसॉनही पावणेदोनशे मीटरच्या आत फुटतो. म्हणजे त्याला शर्यत लागूच नाही, तो आदळण्याआधी फुटतोच. अशा न्यूट्रिनोंना तत्काळ न्यूट्रिनो म्हणतात.

ते वरून आणि आडवे सारखेच येतात आणि ऊर्जेबरोबर सावकाश घटतात. म्हणजे वागणूक बाहेरून आलेल्या न्यूट्रिनोंसारखीच. घरच्या माणसाने पाहुण्याचे कपडे घातल्यासारखं आहे हे. ते असणार हे नक्की, पण किती, यावर वेगवेगळ्या हिशोबांत कित्येक पटींचा फरक पडतो. आइसक्यूबला अजून ते वेगळे काढता आलेले नाहीत, फक्त यापेक्षा जास्त नाहीत अशी वरची मर्यादा घालता आली आहे.

चूक कमी करण्यासाठी काय चाललंय?

उटीजवळ टीआयएफआरची ग्रेप्स-३ वेधशाळा आहे. समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरवर सुमारे ४०० संवेदक आणि ५६० चौरस मीटरचा म्यूऑन शोधक. जपानच्या सहकार्याने ती चालते. २०२४ मध्ये तिथल्या गटाने दाखवलं की १६६ टीईव्हीच्या आसपास प्रोटॉनच्या संख्येची घसरण सरळ रेषेत नाही, ती तिथे थोडी मंदावते. पहिल्या बाबीतला हा बदल पुढच्या प्रत्येक न्यूट्रिनो-अंदाजात धरावा लागणार.

सर्नमध्ये २०२३ साली फेसर आणि एसएनडी या दोन प्रयोगांनी यंत्रातल्या टकरींतून सरळ पुढे जाणारे न्यूट्रिनो पहिल्यांदा टिपले. ते पायॉन, केऑन आणि चार्म यांच्यापासूनच येतात, म्हणजे हवेतल्या गोष्टीची छोटी प्रतच. २०२५ च्या उन्हाळ्यात तिथे प्रोटॉन आणि ऑक्सिजन यांच्याही टकरी घडवल्या गेल्या. हवेत काय होतं ते हवेतल्याच अणुकेंद्रावर तपासायचं हा हेतू.

याची गरज आहे, कारण अर्जेंटिनातल्या पिएर ऑजे वेधशाळेत सर्वांत मोठ्या वर्षावांमध्ये संगणकी नमुन्यांपेक्षा जास्त म्यूऑन दिसतात. त्याचं सर्वमान्य उत्तर अजून मिळालेलं नाही. म्यूऑनचा हिशोब जिथे जुळत नाही, तिथे न्यूट्रिनोच्या हिशोबावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही.

आपल्याकडे पुढे काय?

तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात भारतीय न्यूट्रिनो वेधशाळा (आयएनओ) उभारायला केंद्र सरकारने जानेवारी २०१५ मध्ये सुमारे १,५०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. डोंगराखाली ५० हजार टन चुंबकीय लोखंडाचा शोधक बसवायचा, असा आराखडा आहे. हवेतलेच न्यूट्रिनो मोजून न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांचा क्रम शोधायचा. चुंबकामुळे न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो वेगळे ओळखता येतील, हे त्याचं वैशिष्ट्य. पर्यावरणाच्या प्रश्नावरून स्थानिक विरोध झाला, प्रकरण न्यायालयात गेलं, तमिळनाडू सरकारनेही सर्वोच्च न्यायालयात विरोध नोंदवला. वेधशाळा उभी राहिलेली नाही. थेनीसाठी न्यूट्रिनोंचा अंदाज तयार आहे. त्याच्याशी ताडून बघायला मोजलेला आकडा मात्र नाही.

कोलारला ज्यांनी दोन महिने रिकामं उपकरण सांभाळलं, त्यांना किती अपेक्षित आहे हे ठाऊक होतं. म्हणूनच रिकाम्या नोंदीचाही त्यांना उपयोग झाला.

शब्द आणि अर्थ

वैश्विक किरण – अवकाशातून येणारी वेगवान अणुकेंद्रं, मुख्यतः प्रोटॉन.

पायॉन, केऑन – हवेतल्या धडकेत निघणारे अल्पायुषी कण. बहुतेक वातावरणीय न्यूट्रिनोंचे जनक.

म्यूऑन – इलेक्ट्रॉनसारखाच, पण सुमारे २०० पट जड कण. जमिनीत खोलवर घुसतो.

गुडघा – ३ पीईव्हीच्या आसपास वैश्विक किरणांची संख्या जास्त वेगाने घटू लागते ती जागा.

तत्काळ न्यूट्रिनो – चार्म कणांपासून निघणारे, अजून वेगळे न सापडलेले न्यूट्रिनो.